मडिवाळप्पांची बेस गिटार

भुजंग निटुरे सरांच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी गप्प बसत नाहीत. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. पेपर वाचताना पेपरवर, बँकेच्या रांगेत काउंटरच्या काचेवर, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीच्या कडेवर ती दोघं चालत असतात. सकाळी फिरायला निघालेल्या दोन पेन्शनरांसारखी. घाई नाही, पण थांबणंही नाही. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, त्यामुळे लातुरातल्या त्यांच्या कॉलनीत सगळ्यांचा समज असा, की सर मनातल्या मनात हिशेब करतात. ह्याच समजापायी गणेश मंडळानं त्यांना लागोपाठ कितीतरी वर्षं खजिनदार करून ठेवलं.

सिंधुताईंना मात्र वेगळी धास्ती होती. त्यांच्या माहेरी एका चुलत्याचा हात असाच हलायचा आणि पुढं तो चमचा धरेनासा झाला. त्यांनी सरांना रिक्षात घालून मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी हात समोर धरायला लावला. हात खांबासारखा स्थिर. नाकाला बोट लावायला लावलं. बोट नाकावर बरोबर जाऊन बसलं. तेवढ्यात बाहेर कंपाउंडरचा मोबाईल वाजला, त्यात कुठलंसं जुनं गाणं होतं, आणि दोन्ही पेन्शनर डॉक्टरांच्या टेबलावर फिरायला निघाले.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ह्यांना गोळी नको. ह्यांना वाद्य पाहिजे."

रिक्षात सिंधुताईंनी विचारलं, "कसलं वाद्य ओ?"

"काही नाही गं," सर म्हणाले. "डॉक्टर चेष्टा करून राहिले."

आणि त्यांनी ती दोन बोटं डाव्या मुठीत धरून ठेवली, घर येईपर्यंत.

हे दुखणं सुरू झालं त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि हळद लागलेल्या नवरदेवासारखा जरा ताठून चालायचा. आज ज्या गल्लीत पोराला डॉक्टर करून सोडायची हमी देणाऱ्या पाट्यांनी आभाळ दिसत नाही, त्या गल्लीत तेव्हा दालमिली होत्या. रेणापूरकडच्या एका खेड्यातून बी.एस्सी. करायला आलेल्या भुजंगनं अशाच एका दालमिलीला चिकटून खोली घेतली होती. भाडं कमी होतं, कारण भाड्यात धूळ धरलेली होती. तुरीची पिवळी, मऊ, गोडसर वासाची धूळ. वहीवर, चादरीवर, आंघोळीच्या बादलीत, भांग पाडायच्या फणीत. भुजंगची आई गावाकडून आली की त्याच्या खांद्यावर हात फिरवून म्हणायची, "ह्याला नुसतं उकळत्या पाण्यात बुचकळलं तरी वरण होईल."

मिल रविवारी बंद असायची. आणि रविवारी दुपारी मिलच्या गोदामात 'ऑर्केस्ट्रा गुलबहार'ची तालीम चालायची. औशापासून धर्माबादपर्यंत कुठंही उरूस असो, जत्रा असो, गणपती असो, गुलबहारचा टेम्पो तिथं हजर. मिलचे मालक हौशी होते. त्यांची अट एकच होती, की पोत्यांना काही होता कामा नये. तेव्हा एका भिंतीला आढ्यापर्यंत तुरीची पोती आणि त्यांच्यापुढं पांढरे बूट घातलेला गाणारा, अकॉर्डियनवाला, बोंगोवाला, आणि गाणारी एक मुलगी. मुलीची आई सगळी तालीम खुर्चीवर बसून स्वेटर विणायची आणि प्रेमगीताचं कडवं आलं की सुया थांबवून पांढऱ्या बुटांकडं रोखून बघायची. त्या कडव्यात तो गाणारा नेहमी बेसूर व्हायचा.

पहिल्या रविवारी भुजंग आला तो ह्या मुलीला बघायलाच. खोटं कशाला बोलायचं? सगळी गल्ली त्यासाठीच यायची. पण पुढं जागा नव्हती, म्हणून तो मागच्या कोपऱ्यात एका आडव्या पोत्यावर बसला, आणि गाणं सुरू झालं तेव्हा त्याला काहीतरी झालं. कानाला नाही. गाणं कानाला जसं ऐकू यायचं तसंच येत होतं. पण खालून, पोत्यातून, एक जाड, गोल, समजूतदार आवाज त्याच्या बुडातून पाठीत चढत होता. भुजंगनं दचकून पोत्यावर हात ठेवला. तूर आतल्या आत हलत होती.

त्यानं मान वळवली. त्याच्यापासून तीन हातांवर, अंगावर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, गळ्यात लिंग, असा एक सावळा माणूस भिंतीकडं अर्धी पाठ करून उभा होता. त्याच्या गळ्यात एक लांबलचक गिटार होती. पिकल्या बोराच्या रंगाची, कडेला काळी होत गेलेली. तारा फक्त चार, पण कशा! बाकीच्या गिटारांच्या तारा ह्यांच्यापुढं शिवणाच्या दोऱ्यासारख्या. तो माणूस दोन बोटांनी त्यांच्यावर चालत होता आणि त्याच्या तोंडाकडं बघून वाटावं की तो पोती मोजतोय.

तो पोतीच मोजायचा. सोमवार ते शनिवार तो त्या मिलचा मुनीम होता. मडिवाळप्पा त्याचं नाव. निलंग्याच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा माणूस. मराठी बोलताना मधूनच कानडी हेल निघायचा.

त्या दिवसापासून भुजंगचं त्या मुलीकडं लक्ष गेलं नाही. तिच्या आईला हा एकच पोरगा सभ्य वाटायचा. दर रविवारी तो त्याच पोत्यावर येऊन बसे. त्याला हळूहळू कळत गेलं की लोक गाण्यात जे ऐकतात ते वरचं असतं, आणि वरचं सगळं कशावर तरी उभं असतं. लग्नात नवरा-नवरीचा फोटो निघतो, आचाऱ्याचं नाव होतं. पाण्याची टाकी कोण भरून ठेवतो हे कुणी विचारत नाही. ती रिकामी झाली म्हणजे मात्र मांडवात पळापळ होते. मडिवाळप्पा गुलबहारची टाकी भरत होते. भुजंगला हे सांगायचं होतं कुणालातरी. पण खेड्यातल्या पोरानं शहरात येऊन सांगायचं काय, तर "मला पोत्यातून गाणं ऐकू आलं"?

मडिवाळप्पांशी त्याचं बोलणं झालं ते एकदाच. तालीम चालू असताना, रविवार असूनही, बाहेर कुणाचीतरी गाडी लागली, वजनासाठी मुनिमाला हाक आली. मडिवाळप्पांनी गळ्यातून गिटार काढली, इकडंतिकडं बघितलं आणि धाकट्या भावाला मारावी तशी कानडी हाक मारून भुजंगपुढं धरली. "धर रे तम्मा. खाली ठेवू नको, धूळ हाय."

भुजंगनं ती धरली. लहान बाळ पहिल्यांदा हातात दिलेला बाप कसा धरतो, तशी: घट्ट धरलं तर दुखेल, सैल धरलं तर पडेल. त्याच्या अंदाजापेक्षा ती पुष्कळ जड होती. लाकूड मडिवाळप्पांच्या अंगानं गरम झालेलं होतं. बोट तारेपासून कणभर अंतरावर होतं. त्यानं ते लावलं नाही. परवानगी धरायची होती, वाजवायची नव्हती. असा हा मुलगा. पुढं तो चांगला शिक्षक झाला ह्यात नवल नाही.

मग व्हायचं ते सगळं झालं. भुजंगची बी.एस्सी. झाली, बी.एड. झालं, रेणापूरच्या शाळेत नोकरी लागली, सिंधुताई आल्या. गावोगावी व्हिडिओ आले, मग डीजे आले, आणि गुलबहारचा टेम्पो एक दिवस भाजीबाजारात कांदे उतरवताना दिसला. मडिवाळप्पा नांदेडला एका कापडदुकानात मुनीम म्हणून गेले, एवढंच कळलं. गिटार त्यांची स्वतःची होती, ती त्यांच्याबरोबर गेली.

भुजंग सरांच्या डोक्यातून काही ती गेली नाही. एकदा शाळेच्या कामासाठी हैदराबादला गेले असताना ते वाद्यांच्या दुकानात शिरले. काचेआड बेस गिटारी टांगल्या होत्या. दुकानदारानं विचारलं, "बच्चे के लिए?" सर गडबडले. "हां जी, बच्चे के लिए," म्हणाले, आणि माउथ ऑर्गन घेऊन परत आले. त्यांना तेव्हा मूलही नव्हतं. पुढं एकदा त्यांनी मनाशी ठरवून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली, गुपचूप, डिक्शनरीच्या पानांत. पैसे पुरेसे जमले त्या वर्षी लातुरातलं पाणी गेलं आणि अंगणात बोअर मारावं लागलं. सरांना खोल आवाज पाहिजे होता; गाडी आली, पाइप जमिनीत गेले, आणि पैसे इतके खोल गेले की आवाजसुद्धा आला नाही.

ह्या सगळ्यातलं घरात एकाच माणसाला थोडंफार माहीत होतं, ते म्हणजे मुलीला, देविकाला. तेही गोष्ट म्हणून. लहानपणी ती झोपायची नाही, तेव्हा सर तिला मांडीवर घेऊन घशातल्या घशात डुम-डुम-डुम असं काहीतरी गायचे आणि सांगायचे, एक होता मडिवाळप्पा. त्याच्याजवळ चार दोरखंड होते. तो दोरखंड हलवायचा आणि गाणी बांधून ठेवायचा, म्हणून गाणी उडून जात नव्हती.

ही देविका पुढं नांदेडला कॉलेजात प्राध्यापक झाली. आणि गेल्या श्रावणात एका संध्याकाळी तिचा फोन आला. सरांना मोबाईल कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून ते तो नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं घरभर ऐकू गेलं.

"पप्पा! तुमच्या गोष्टीतला मडिवाळप्पा खराय!"

सर उभे राहिले.

"आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. आजोबा आहेत आता. मुलाकडं कलबुर्गीला चाललेत कायमचे, घरातलं सामान काढून राहिले. एक लाल गिटार आहे, पप्पा, ही एवढी लांब! एक कॅफेवाला मागतोय, भिंतीला लावायला. तुम्हाला बघायचीय का?"

सिंधुताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "मडिवाळप्पा कोण?"

"ओळखीचे आहेत. जुने," सर म्हणाले. "एक वस्तू काढतायत. जरा बघून येतो."

'बघून येतो.' घेऊन येतो असं तोंडातून निघालं नाही. आणि एवढ्यावर निभावलं असतं, पण त्या दिवशी सिंधुताईंचे धाकटे भाऊ हणमंतराव मुक्कामाला होते. हणमंतराव उदगीर भागातले शेतकरी, आणि हाळीच्या बैलबाजारात त्यांच्या शब्दाला वजन. बैलाचा दात बघून ते वय सांगायचे आणि मालकाचा चेहरा बघून त्याची गरज सांगायचे. त्यांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "दाजी, एकटे जाऊ नगा. तुमी खरेदीत लई कच्चे. मी येतो."

आता मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडच्या एसटीत बसले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं, तोवर हणमंतरावांचा वर्ग चालू होता. पस्तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहिलेला माणूस पहिल्यांदाच एवढा वेळ विद्यार्थी झाला.

"पैली गोष्ट, तोंडावर आवड दिसू द्यायची न्हाई. आवड दिसली की भाव गेला. वस्तूकडं बघायचंच न्हाई, भिताडाकडं बघायचं. मालकानं विचारलं, बैल कसाय, तर म्हनायचं, बराय. ह्याच्यावर एक शब्द न्हाई. बाकी मी बघतो."

"ती गिटार आहे, हणमंतराव."

"असंल. इकणारा मानूसच हाय की."

देविकानं दोघांना मडिवाळप्पांच्या दारात नेऊन सोडलं, "माझे वडील, माझे मामा," असं सांगितलं आणि ती तासाला पळाली. घर दोन खोल्यांचं. निम्मं सामान बांधून झालेलं. मडिवाळप्पांचे केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते; शर्ट मात्र तोच, पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, खिशाला दोन पेन. सरांना त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? मागच्या पोत्यावरचं पोरगं ते. त्यांच्या बायकोनं, गुरम्मांनी, ताटलीत चुरमुऱ्यांची सुशीला दिली, वर शेंगदाणे आणि लिंबाची फोड.

मडिवाळप्पा आत गेले आणि खोळीतून गिटार काढून त्यांनी ती कॉटवर ठेवली.

पिकल्या बोराचा रंग. कडेला काळा. जिथं त्यांचा कोपर टेकायचा तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. सरांच्या घशात शेंगदाणा अडकला. ते खोकले, पाणी प्याले आणि शिकवल्याप्रमाणं भिंतीकडं बघायला लागले. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी जानेवारीपासून वाचायला घेतलं.

हणमंतराव उठले. गिटारीभोवती त्यांनी एक फेरी मारली. खाली वाकून मागून बघितलं. मानेवरून हात फिरवला, एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं, खुंट्या एकेक करून हलवल्या.

"मान लई लांब हाय."

"बेसची तेवढीच असते," मडिवाळप्पा म्हणाले.

"जरा वाकल्यावानी बी वाटती. ही एक खुंटी ढिली हाय. रंग गेलाय. हितं लाकडाला गाठ दिसती." हणमंतरावांनी गाठीवर नख मारून बघितलं. "बैलाला असा चुकीच्या जागी भोवरा असला तर आमच्यात फुकट बी घेत न्हाईत. काम किती केलंय हिनं?"

"वीस वर्षं."

"म्हंजी दमल्याली हाय."

मडिवाळप्पांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. त्यांनी सरांकडं बघितलं. "तुम्हाला कशी वाटली, सर?"

सर तेव्हा कॅलेंडरच्या एप्रिलपर्यंत आले होते. सगळ्या बसभर घोटून घेतलेलं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं, आणि चांगल्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी ते दिलं.

"बरी आहे."

मडिवाळप्पांनी मान हलवली. कॉटवरची गिटार उचलली, दोन्ही हातांनी, खोळीत घातली आणि चेन ओढली. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. "कॅफेवाला पाचला येणार आहे," म्हणाले. "तो रंगीत दिवे सोडणार आहे म्हणे तिच्यावर. बरं झालं. तुम्ही एवढ्या लांबून आलात, चहा घेऊन जा."

हणमंतरावांचा चेहरा उजळला. ते सरांच्या कानाशी लागले. "जमलं! मालकानं कासरा सोडवून घेतला की समजायचं, सौदा पटला. आता चहा घ्यायचा न्हाई. उठायचं. पायरी उतरायची, पाठीमागं बघायचं न्हाई. गल्लीच्या तोंडाला जाईस्तवर हाक येती. न्हाई आली तर माझ्या मिशा काढा."

ते उठले, पायऱ्या उतरले, पाठीमागं न बघता गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. हाक आली नाही. तिथं एक रसवंती होती. हणमंतराव म्हणाले, "जरा दम धरू. म्हातारा मानूस, चप्पल घालायला वेळ लागत असंल." त्यांनी दोन ग्लास रस सांगितला. घुंगरू वाजवत चरक फिरला. रस आला, रस संपला. गल्लीत एक शेळी तेवढी त्यांच्याकडं बघत उभी होती.

"येईल," हणमंतराव म्हणाले, पण आता जरा हळू. "हाळीला एकदा एक जण पार एसटीत बसल्यावर आला होता."

सर रिकाम्या ग्लासाकडं बघत होते. ग्लासावर दोन बोटं चालत होती. आणि त्यांच्या एकदम ध्यानात आलं, की हाक येणारच नाही. बाजारात बैलाला नाव ठेवलं तर मालकाला लागत नाही, कारण तो उद्या दुसऱ्याच्या बैलाला तेच म्हणणार असतो. तो रिवाज आहे. मडिवाळप्पांनी काही बाजार मांडला नव्हता. त्यांनी आपली गिटार दाखवली होती. आणि ती बघायला ज्याचे डोळे आयुष्यभर तरसले, तो कॅलेंडर वाचत बसला होता.

"हणमंतराव, तुम्ही बसा इथं."

"आँ? दाजी, परत गेलं की भाव..."

पण दाजी निघाले होते. साठी उलटलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, तरी ते त्या गल्लीतून जवळजवळ धावले. शेळी बाजूला झाली.

दार उघडंच होतं. मडिवाळप्पा कॉटवर बसले होते, खोळ शेजारी. सर उंबऱ्यातच थांबले. चपला काढायचं भान राहिलं नाही.

"मडिवाळप्पा, मी खोटं बोललो."

म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"बरी आहे म्हणालो. बरी नाही ती. मी..." सरांना धाप लागली होती. वाक्य कुठून धरायचं ते कळेना. "लातूरला, दालमिलच्या गोदामात, दर रविवारी मी मागच्या पोत्यावर बसायचो. तुमच्याजवळ. सगळे गाणारीला बघायला यायचे, मी तुम्हाला ऐकायला यायचो."

"मला?"

"एकदा लाईट गेली होती. उन्हाळ्याचे दिवस. गाणं मध्यावर होतं. गाणारा थांबला नाही, बोंगोवाल्यानं त्याला धरलं, दोघं तसेच चालू राहिले. तुमची विजेवरची गिटार तर मुकी झालेली. दुसऱ्या कुणीही हात खाली सोडला असता. तुम्ही सोडला नाही. तुम्ही वाजवत होता. आवाज शून्य, आणि अख्खं कडवं तुम्ही वाजवलंत. मला तुमची बोटं दिसत होती. मग लाईट आली, तेव्हा तुमचा आवाज जिथं असायला पाहिजे तिथंच होता. कुणाला कळलंसुद्धा नाही की मधे तो नव्हता." सरांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "मी शाळेत पुष्कळ पोरांना शिकवलं. कुणी बघत नसताना काम कसं करायचं हे सांगायची वेळ आली की मला तेच आठवायचं. पण तुमचं नाव कधी घेतलं नाही. लाज वाटायची. गणिताच्या सरांनी गिटारीचं काय सांगायचं?"

गुरम्मा आतून आल्या होत्या. हातात चहाचा कप तसाच. "अय्यो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे मला कधी सांगितला न्हाईत तुम्ही."

"सांगायचं काय त्यात?" मडिवाळप्पा म्हणाले. "लाईट गेली होती."

मग त्यांनी खोळीवर हात ठेवला.

"वीस वर्षं वाजवलं, सर. कार्यक्रम झाला की लोक स्टेजवर चढायचे. गाणाऱ्याची सही घ्यायचे, त्या गाणाऱ्या मुलीच्या आईची सुद्धा घ्यायचे. पोस्टरवर सगळ्यांची नावं असायची, खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. त्या साथीदारांत मी." ते हसले. "मला वाटायचं, ऐकू येत असेल का कुणाला? की मी आपला उगाच घाम गाळून राहिलो?"

"मला पोत्यातून यायचं," सर म्हणाले.

मडिवाळप्पांनी ह्यावर काही विचारलं नाही. वाजवणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. त्यांनी चेन उघडली.

"भाव मुलीला सांगितला तोच. रुपया कमी करणार नाही."

"मी कमी मागितला नाही."

एवढ्यात हणमंतराव दारात येऊन पोचले, रसाचे पैसे देऊन, धापा टाकत. "दाजी, किती उतरला?"

"हणमंतराव, गप बसा."

लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली, पण दाजींनी मेहुण्याला असं कधी म्हटलं नव्हतं. हणमंतराव खरोखरच गप बसले, कॉटच्या कडेला. गुरम्मांनी त्यांच्या हातात कप दिला. तो त्यांनी बशीत ओतला आणि स्वतःशीच पुटपुटले, "मालकापुढं मालाची वाहवा करनारं गिऱ्हाईक पैल्यांदाच बघितलं. आता ह्याला औषध न्हाई."

मडिवाळप्पांनी कॅफेवाल्याला फोन लावला. "विकली," म्हणाले. समोरून काहीतरी आकडा आला असावा, कारण ते म्हणाले, "न्हाई, न्हाई. वाजवणाऱ्याला दिली."

सर घाबरले. "मला वाजवता येत नाही हो."

"ते मला दिसतंय," मडिवाळप्पा म्हणाले. "इकडं या. बसा. मांडीवर घ्या. अशी न्हाई, बाळंतिणीनं बाळ घेतल्यासारखी न्हाई. कोपर इथं टाका, माझा उडालेला रंग आहे तिथं. हां. आता ही सगळ्यात जाड तार. पहिलं बोट, मग मधलं. ही तर तुमची आधीच चालतायत."

बसस्टँडवरून सरांनी सिंधुताईंना फोन लावला. खांद्याला खोळ होती. दोन बोटांची टोकं लाल झाली होती, चटका बसल्यासारखी, आणि त्यांना ती सारखी बघावीशी वाटत होती.

"सिंधु, मी गिटार घेतली."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"वाजवता येती?"

"नाही. मडिवाळप्पा फोनवर शिकवणार आहेत. कलबुर्गीहून."

"म्हंजी डॉक्टर चेष्टा करत नव्हते," सिंधुताई म्हणाल्या. आणि मग, "जेवून निघा. हणमंतला पित्त होतं उपाशी बसमधे."

एसटीत कंडक्टरनं खोळीकडं बघून विचारलं, "ह्याच्यात काय?" एरवी सर म्हणाले असते, काही नाही, सामान. ते म्हणाले, "बेस गिटार. चार तारांची. माझी आहे." कंडक्टरला तेवढं नको होतं; त्यानं लगेजचं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. पण शेजारी बसलेल्या टोपीवाल्या गृहस्थानं सहज विचारलं, "सतारीचाच परकार का?" आणि सर सुरू झाले. लोह्याच्या आधी दालमिल झाली, लोह्याला गुलबहारची गाणारी आणि तिची आई झाली, त्याच्यापुढं तार कुठल्या बोटानं ओढायची ते झालं. त्या गृहस्थाचं तिकीट चाकूरचं होतं. तो अहमदपूरलाच उतरला. हणमंतराव केव्हाच खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं मात्र मान वळवून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "नुसतं बोलता कशाला गुरुजी? वाजवा की."

"मावशी, ह्याला मशीन लागतं. मशीनशिवाय आवाज नाही निघत."

"निघंल तेवढा निघंल."

सरांनी चेन उघडली. गिटारीची मान खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून हणमंतरावांच्या खांद्यावर टेकवली, कोपर टाकला, आणि जाड तार ओढली. पहिलं बोट, मग मधलं, मग पहिलं. एसटी घाट नसलेल्या रस्त्यावरसुद्धा घाट चढल्यासारखी ओरडत होती, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, मागं कुणाचंतरी लेकरू रडत होतं. त्या गदारोळात काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सरांच्या बरगड्यांना तेवढं जाणवलं.

म्हातारीनं कान देऊन, डोळे मिटून, मान डोलावून घेतली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "थांबवू नगा."